आयपी पत्त्यावरून ठिकाण शोधताना: आधी काय बघायचं, कुठे थांबायचं

तुम्ही सोलापुरात घरी बसलेले असता आणि फोनवर सूचना येते: तुमच्या खात्यात मुंबईहून लॉगिन झालं. छातीत धस्स होतं. कित्येकदा ते लॉगिन तुमचंच असतं, कारण तुमच्या फोनचं इंटरनेट मुंबईतल्या यंत्रातून बाहेर पडत असतं. पण कधी कधी ते खरोखर दुसऱ्या कुणाचं असतं. दोन्हींतला फरक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्या जोडणीला मिळालेला क्रमांक, नीट वाचला तर पाच-दहा मिनिटांत लक्षात येतो. त्यासाठी ब्राउझर आणि संगणकात आधीपासून असलेल्या दोन-तीन आज्ञा पुरतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. आयपी पत्त्यावरून घर सापडत नाही. देश आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी बऱ्यापैकी खात्रीने कळते, शहराचा अंदाज बांधता येतो. त्यापुढे फक्त ती कंपनी जाऊ शकते, कारण कोणत्या क्षणी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद तिच्याकडेच असते.

पत्ता जसाच्या तसा उतरवून घ्या

जीमेल संगणकावर उघडलं की इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे ‘डीटेल्स’ असा बारीक शब्द असतो. त्यावर टिचकी मारली की अलीकडे खातं कुठून, कोणत्या पत्त्यावरून आणि कधी उघडलं याची यादी येते. बाकीच्या सेवांमध्ये ही यादी सुरक्षेच्या सेटिंगमध्ये सापडते.

पत्त्यासोबत आणखी दोन गोष्टी उतरवा: वेळ आणि पोर्ट. पत्ता २०३.०.११३.५७:५०८१४ असा दिसला तर विसर्गचिन्हानंतरचे ५०८१४ हे पोर्ट आहे, म्हणजे त्या पत्त्यावरच्या त्या एका संवादाचा क्रमांक. शोधताना ते वगळायचं, पण वहीत ठेवायचं. ते का लागतं, ते तक्रारीच्या भागात येईल. (हा पत्ता मुद्दाम निवडला आहे. २०३.०.११३ ने सुरू होणारे २५६ पत्ते फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत, ते कुणाचेच नाहीत.)

वेळेच्या बाबतीत तर हमखास गडबड होते. ईमेलच्या हेडरमध्ये (पत्रासोबत येणाऱ्या तांत्रिक ओळींत) ‘१४ जानेवारी २०२५, १०:५२:११, उणे ०८००’ असं लिहिलेलं असेल, तर ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची वेळ. आठ तास मिळवले की जागतिक वेळ १८:५२, त्यात साडेपाच तास मिळवले की आपल्याकडे १५ जानेवारीच्या रात्रीचे १२ वाजून २२ मिनिटं. म्हणजे तारीखच बदलली. ‘मी तेव्हा ऑफिसात होतो’ असं ठरवण्याआधी एवढं गणित कागदावर करा.

ईमेल कुठून आला ते शोधत असाल, तर मूळ मजकूर उघडून ‘रिसीव्हड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचा. सगळ्यात खालची ओळ सगळ्यात जुनी. पण खालच्या ओळी पाठवणारा खोट्याही घालू शकतो. तुमच्या स्वतःच्या मेल सेवेने लिहिलेली ओळ तेवढी भरवशाची. शिवाय जीमेलच्या वेबसाइटवरून पाठवलेल्या पत्रात पाठवणाऱ्याचा पत्ता नसतोच, तिथे गूगलच्या यंत्राचा पत्ता दिसतो. तो नकाशावर शोधून अमेरिकेतून मेल आला असं समजू नका.

हा पत्ता शोधण्याजोगा आहे का?

काही पत्ते जगात कोट्यवधी घरांत एकाच वेळी वापरात असतात. त्यांना ठिकाण नसतं. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत:

- १० ने सुरू होणारे सगळे
- १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे
- १९२.१६८ ने सुरू होणारे (घरच्या राउटरचे बहुधा हेच)
- १६९.२५४ ने सुरू होणारे: यंत्राला पत्ताच मिळाला नाही म्हणून त्याने स्वतः घेतलेला
- १२७ ने सुरू होणारे: म्हणजे हेच यंत्र
- १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे: इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या आतले

शेवटच्या ओळीवर जरा थांबू, कारण भारतात खरी मेख तिथे आहे. आयपीची जुनी पद्धत, म्हणजे चौथी आवृत्ती, एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते देऊ शकते. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागाला रेशनिंग सुरू करावं लागलं. मोबाइल इंटरनेटचा पूर आपल्याकडे त्यानंतर आला. म्हणून कंपन्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. तुमच्या राउटरला १००.७२ असा काहीतरी पत्ता मिळतो आणि बाहेरच्या जगाला मात्र कंपनीच्या मोठ्या यंत्राचा पत्ता दिसतो. ते यंत्र जिथे असेल, ते तुमचं ‘ठिकाण’.

सोलापूरचा फोन मुंबईत दिसतो तो यामुळे. दूरसंचाराच्या नकाशात गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये येतो आणि मुंबईचं सर्कल वेगळं आहे. त्यामुळे पणजीतला फोन पुण्यात किंवा मुंबईत दिसला तर त्यात संशयास्पद काही नाही.

पत्त्यात विसर्गचिन्हं आणि इंग्रजी अक्षरं असतील तर तो सहाव्या आवृत्तीचा. त्याचे आठ गट असतात. पहिले चार गट जोडणीचे आणि उरलेले चार त्या उपकरणाचे. फोन आणि संगणक हे शेवटचे चार गट खासगीपणासाठी वरचेवर बदलतात. म्हणून ‘काल वेगळा होता, आज वेगळा आहे’ असं दिसलं तरी फक्त पहिले चार गट जुळवून बघा.

नोंदवही: पत्ता कुणाच्या नावावर आहे

जगातले पत्ते पाच विभागीय नोंदणी संस्था वाटतात. आपल्या विभागाची एपीनिक, मुख्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. भारतात तिच्या हाताखाली आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी २०१२ पासून काम करते. यांची नोंदवही सगळ्यांना खुली आहे आणि तिच्यात शोधण्याला ‘हूइज’ म्हणतात. लिनक्स आणि मॅकवर याच नावाची आज्ञा आहे. विंडोजवर ती आधीपासून नसते, तिथे एपीनिकच्या वेबसाइटवरची शोधपेटी वापरा.

उत्तरात पन्नास-साठ ओळी येतात. त्यातल्या पाचच वाचायच्या.

‘आयनेटनम’ ही पत्त्यांची सलग पट्टी. ती २५६ पत्त्यांची असेल तर छोट्या कंपनीची किंवा एखाद्या संस्थेची असण्याचा संभव जास्त. हजारो पत्त्यांची असेल तर मोठ्या कंपनीचा सामायिक साठा. ‘नेटनेम’ आणि वर्णनाच्या ओळीत कंपनीचं नाव असतं, क्वचित शहराचा किंवा सर्कलचाही उल्लेख सापडतो. ‘कंट्री’ म्हणजे नोंदीचा देश. ‘लास्ट मॉडिफाइड’ म्हणजे नोंद शेवटची कधी हलली. आणि ‘अब्यूज’ हा शब्द असलेल्या ओळीत तक्रारीचा ईमेल असतो, तो वेगळा लिहून ठेवा.

नोंदीत रस्त्याच्या नावासकट पूर्ण पोस्टाचा पत्ता असतो. नवखे लोक इथेच घसरतात. तो कंपनीच्या कचेरीचा पत्ता आहे. गाडीवर एमएच ०९ दिसलं म्हणजे ती कोल्हापूरला नोंदली एवढंच कळतं. आत्ता ती नांदेडच्या एखाद्या गल्लीत उभी असेल, पाटीवरून ते समजत नाही.

जाळ्याचा क्रमांक, म्हणजे एएस नंबर, हाही बघून ठेवा. जिओचा ५५८३६, बीएसएनएलचा ९८२९, गूगलचा १५१६९, क्लाउडफ्लेअर या वेबसाइट्सची वाहतूक मधून वळवणाऱ्या कंपनीचा १३३३५. अनोळखी लॉगिन जिओचं किंवा बीएसएनएलचं निघालं तर पलीकडे बहुधा माणूस आणि त्याचा फोन आहे. ते एखाद्या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं निघालं तर पलीकडे व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्याच यंत्रातून वळवून खरा पत्ता झाकणारी सेवा) आहे किंवा आपोआप चालणारा प्रोग्राम. अशा वेळी शहर शोधण्यात अर्थ उरत नाही, सरळ पासवर्ड बदला आणि दुहेरी पडताळणी चालू करा. शहरापेक्षा हा फरक कितीतरी जास्त उपयोगी आहे, आणि तरी लोक नकाशावरचा ठिपकाच आधी बघतात.

ठिकाण सांगणारे कोश

आता ठिपक्याकडे. मॅक्समाइंड, आयपीइन्फो, डीबी-आयपी, आयपीटूलोकेशन या कंपन्या पत्त्यांच्या पट्ट्या आणि ठिकाणं यांचे कोश बनवतात. ‘माझा आयपी कुठला’ सांगणाऱ्या बहुतेक वेबसाइट्स यांपैकीच कुणाचा तरी कोश वापरतात. म्हणून पाच वेबसाइट्सनी एकच शहर सांगितलं तर तो पाच साक्षीदारांचा पुरावा ठरत नाही, पाचही जण एकाच पुस्तकातून वाचत असू शकतात. वरच्या नावांपैकी तीन वेगवेगळे कोश त्यांच्या स्वतःच्या साइटवर जाऊन तपासा.

तिन्ही कोश देश आणि शहर एकच सांगत असतील तर शहर तात्पुरतं खरं धरा. देश एक पण शहरं तीन असतील तर शहर सोडून द्या. देशच वेगळे आले तर ती पट्टी अलीकडे हस्तांतरित झालेली किंवा भाड्याने दिलेली असण्याची शक्यता मोठी. २०११ नंतर पत्त्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. युरोपातली पट्टी भारतातल्या कंपनीने घेतली तरी काही कोश जुनाच देश दाखवत राहतात.

मॅक्समाइंडच्या उत्तरात अचूकतेची त्रिज्या किलोमीटरमध्ये दिलेली असते: ५, २०, १००, ५००, १००० अशी. अक्षांश-रेखांशाआधी ती वाचा. त्रिज्या २०० असेल तर पुण्यावर पडलेला ठिपका साताऱ्याचाही असू शकतो आणि नाशिकचाही. अक्षांश-रेखांशात चार दशांश स्थळं दिसतात म्हणून उत्तर अचूक होत नाही, तो गावाचा किंवा पट्टीचा ठरवून दिलेला मध्यबिंदू असतो.

गोल आकडा दिसला तर विशेष सावध व्हा. २० उत्तर, ७७ पूर्व हा त्यातला एक. अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए हिच्या वर्ल्ड फॅक्टबुकमध्ये संपूर्ण भारताचं स्थान या आकड्यांनी दिलेलं होतं. नकाशावर तो बिंदू वाशीम शहराच्या नैर्ऋत्येला, वीस किलोमीटरच्या आत पडतो. त्याचा अर्थ ‘भारतात कुठेतरी’ एवढाच.

पिंग: वेळेवरून अंतर

वरचं सगळं कुणीतरी लिहून ठेवलेलं आहे, आणि लिहिलेलं चुकू शकतं. प्रकाशाचा वेग मात्र चुकत नाही, म्हणून ही तपासणी आम्हाला सगळ्यात भरवशाची वाटते.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. पिंग ही आज्ञा त्या पत्त्याकडे छोटी विचारणा पाठवते आणि जाऊन-येऊन लागलेला वेळ सांगते, तेव्हा हिशेब सोपा: एक मिलिसेकंद म्हणजे जास्तीत जास्त १०० किलोमीटर अंतर.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट, मॅक-लिनक्सवर टर्मिनल उघडा. पिंग, मोकळी जागा आणि पत्ता, सगळं इंग्रजी अक्षर-आकड्यांत टाइप करा. विंडोज चारच वेळा विचारून थांबतं, ते अपुरं आहे. विंडोजवर आडवी रेघ आणि एन, मॅक-लिनक्सवर आडवी रेघ आणि सी, पुढे २० लिहिलं की वीस वेळा विचारणा होते. सरासरी बघू नका. वीसपैकी सगळ्यात लहान आकडा घ्या, कारण वाटेतली गर्दी वेळ वाढवू शकते, कमी करू शकत नाही. मोबाइल डेटावर हे करू नका. टॉवरपर्यंतच वीस-तीस मिलिसेकंद जातात आणि हिशेब निरुपयोगी होतो. फायबरच्या जोडणीला तार लावून मोजा.

समजा, कोश सांगतो की यंत्र सिंगापूरला आहे आणि मुंबईहून तुमचा सगळ्यात लहान आकडा ९ मिलिसेकंद आला. यंत्र ९०० किलोमीटरच्या आतच असलं पाहिजे. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, तिथून ३९ मिलिसेकंदांच्या आत उत्तर येणं अशक्य. कोश चुकला, निर्विवाद.

उलटं मात्र सिद्ध होत नाही. आकडा १५० आला म्हणजे यंत्र दूर आहे असं नाही. शेजारच्या इमारतीतलं उत्तरही वळसा घालून येऊ शकतं. पिंगने ‘इतक्याच्या आत’ कळतं, ‘इतकं दूर’ कळत नाही.

एकाऐवजी तीन शहरांतून विचारता आलं तर वर्तुळ बरंच लहान होतं. ग्लोबलपिंग आणि रायप ॲटलस या सेवा वेगवेगळ्या शहरांतल्या यंत्रांवरून तुमच्यासाठी पिंग करतात. मुंबईहून ३, चेन्नईहून २४, दिल्लीहून २७ आले, तर मुंबईभोवती ३०० किलोमीटरचं वर्तुळ काढा. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आत, नागपूर बाहेर. तारा सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्ष जागा याहून बरीच जवळ असते.

उत्तरच आलं नाही तर घाबरू नका. घरगुती राउटर आणि कंपनीच्या मोठ्या पेट्या पिंगला उत्तर न देण्यासाठी बसवलेल्या असतात. मग ट्रेसराउट चालवा. विंडोजवर हे नाव ट्रेसर्ट असं आखूड केलं आहे. वाटेतल्या प्रत्येक टप्प्याची एक ओळ येते. टप्प्यांच्या नावांत विमानतळांची तीन अक्षरी खूण पुष्कळदा दडलेली असते: मुंबईला बीओएम, चेन्नईला एमएए, सिंगापूरला एसआयएन. अखेरच्या ओळींत नुसत्या चांदण्या आल्या तरी चांदण्यांआधीचं शेवटचं नाव वाचा, पत्ता बहुधा त्याच्याच पुढे आहे. मात्र या नावांवर डोळे झाकून विसंबू नये. यंत्र हलवल्यावर नाव बदलायचं राहून जातं, म्हणून नाव आणि त्या ओळीतले मिलिसेकंद एकमेकांशी जुळतात का ते पाहा.

एक पत्ता अनेक ठिकाणी असणं हाही प्रकार आहे. ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता कित्येक कोश कॅलिफोर्नियात दाखवतात. मुंबईतून चांगल्या फायबरवर त्याचं उत्तर थोड्याच मिलिसेकंदांत येतं, तर कॅलिफोर्निया सुमारे १३,५०० किलोमीटर लांब, म्हणजे १३५ मिलिसेकंदांच्या आत उत्तर येऊच शकत नाही. हाच पत्ता जगभर अनेक यंत्रांना दिलेला आहे आणि जवळचं यंत्र उत्तर देतं. याला एनीकास्ट म्हणतात. अशा पत्त्याला ‘कुठे’ हा प्रश्न लागू पडत नाही.

ठिपक्याच्या दारात जाऊ नका

अमेरिकेत कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळ एक शेत आहे. मॅक्समाइंडच्या कोशात ‘अमेरिकेत कुठेतरी’ अशा पत्त्यांसाठी ३८ उत्तर, ९७ पश्चिम हा गोल आकडा ठेवलेला होता आणि तो नेमका या शेतावर पडत होता. ६० कोटींहून जास्त पत्ते त्या एका घराकडे बोट दाखवत होते. वर्षानुवर्षं तिथे पोलीस, करखात्याची माणसं आणि फसवले गेलेले संतापलेले लोक येत राहिले. २०१६ मध्ये बातमी छापून आली, तेव्हा कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावात नेऊन ठेवला. घरातल्या लोकांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

म्हणून स्क्रीनशॉट काढून ‘चोर इथला आहे’ असं सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रारीत तीन गोष्टी सोबत द्या: पूर्ण पत्ता, सेकंदापर्यंतची वेळ (भारतीय की जागतिक ते लिहून) आणि असेल तर पोर्ट. एका पत्त्यामागे त्याच क्षणी शेकडो ग्राहक असू शकतात, त्यांच्यातून एक वेगळा काढायला कंपनीला पोर्ट लागतं. पोर्ट नसेल तर तपास तिथेच अडू शकतो. स्वतःची वेबसाइट चालवणाऱ्यांनी तर आजच सर्व्हरच्या लॉगमध्ये पोर्ट नोंदवणं चालू करावं. साइट क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेमागे असेल तर लॉगमध्ये पाहुण्याचा खरा पत्ता येतो का, तेही तपासावं, नाहीतर सगळे पाहुणे क्लाउडफ्लेअरचेच दिसतील.

तुमचंच ठिकाण चुकीचं दिसत असेल तर

नकाशाच्या ॲपमधला निळा ठिपका बरोबर असतो आणि वेबसाइट मात्र भलतं शहर दाखवते, यात विरोधाभास नाही. निळा ठिपका उपग्रह आणि आसपासच्या वायफायवरून येतो, तुमच्या परवानगीने. वेबसाइट आयपी बघते.

चूक देशाची असेल आणि त्यामुळे एखादी सेवा बंद पडत असेल तर दुरुस्ती करून घेता येते. आधी व्हीपीएन आणि आयफोनवरचा प्रायव्हेट रिले (पत्ता लपवणारी सोय) बंद करून पुन्हा बघा. तरीही तसंच असेल तर कोणता कोश चुकतो ते वरच्या पद्धतीने शोधा आणि त्याच कंपनीच्या साइटवरचा दुरुस्तीचा अर्ज भरा.

पक्का उपाय इंटरनेट पुरवणाऱ्याच्या हातात असतो. त्याने आपल्या पट्ट्यांची ‘जिओफीड’ नावाची साधी फाइल प्रसिद्ध करायची, तिचा साचा २०२० मध्ये ठरला आहे. एका पट्टीला एक ओळ: २०३.०.११३.०/२४ (म्हणजे २५६ पत्त्यांची पट्टी), मग देशाची खूण आयएन, राज्याची खूण आयएन-एमएच, मग शहर, सगळं स्वल्पविरामांनी तोडलेलं आणि इंग्रजी अक्षरांत. फाइलचा दुवा नोंदवहीतल्या आपल्या नोंदीत घातला की कोश बनवणारे ती स्वतः उचलू शकतात. तालुक्याच्या गावातल्या केबलवाल्याने नवी पट्टी घेतली असेल तर त्याला ही ओळ लिहून द्या, त्याला दहा मिनिटांचं काम आहे. प्रत्येक कोश आपापल्या वेळापत्रकाने नवा होतो, त्यामुळे आठवड्याने पुन्हा तपासा आणि जो कोश मागे राहिला असेल त्याचा अर्ज वेगळा भरा.